ओळख पटली, म्हणून देव घरी आले

लग्नात गौरीहरापुढे बसून नवरी ज्या अन्नपूर्णेची पूजा करते, ती अन्नपूर्णा पुढे तिच्यासोबत सासरी जाते आणि तिथल्या देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी जागा घेते. मराठी घरांतली ही मूर्ती बहुतेक पितळेची किंवा चांदीची, बोटभर उंचीची, हातात पळी धरलेली असते. अशीच एक अन्नपूर्णा वाराणसीत गंगेकाठी पूजेत होती. ती दगडात घडवलेली होती आणि वीतभरही उंच नव्हती. १९१३ च्या सुमारास ती चोरीला गेली. १५ नोव्हेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथाच्या आवारात तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली, तेव्हा मध्ये शंभराहून अधिक वर्षं लोटली होती.

ही सगळी वर्षं ती कॅनडातल्या रेजायना शहरात होती. नॉर्मन मॅकेन्झी नावाचे तिथले वकील भारतात आले असताना त्यांना ही मूर्ती आवडली. त्यांचं बोलणं ऐकलेल्या एका माणसाने ती नदीकाठच्या पायऱ्यांवरच्या देवस्थानातून उचलली आणि त्यांना आणून दिली. मॅकेन्झींच्या मृत्यूनंतर त्यांचा संग्रह रेजायना विद्यापीठाच्या कलादालनाकडे आला. मूर्तीची नोंद तिथे ‘विष्णू’ अशी झाली आणि तशीच राहिली. २०१९ मध्ये दिव्या मेहरा या भारतीय वंशाच्या कॅनेडियन कलावंत आपल्या प्रदर्शनाच्या तयारीसाठी तो संग्रह पाहत होत्या. मूर्ती त्यांना स्त्रीची वाटली. त्यांनी जुने कागद काढायला लावले आणि चोरीची हकिगत उजेडात आली. अमेरिकेतल्या पीबॉडी एसेक्स म्युझियममधले भारतीय कलेचे अभ्यासक सिद्धार्थ शाह यांनी एका हातातली खिरीची वाटी आणि दुसऱ्या हातातली पळी पाहून सांगितलं, ही अन्नपूर्णा आहे. २०२० च्या नोव्हेंबरात विद्यापीठाने ती भारताच्या उच्चायुक्तांच्या स्वाधीन केली.

जी खूण आपल्याकडच्या कोणत्याही सासुरवाशिणीला एका नजरेत पटली असती, ती पटायला परक्या देशात इतका काळ जावा लागला. कारण त्या मूर्तीसमोर तिला ओळखणारं माणूस तोवर येऊन उभंच राहिलं नव्हतं.

चोरीला गेलेला देव परत आला की आपण त्याला चमत्कार म्हणतो. गावात आरती होते, पेढे वाटले जातात, देवालाच घरची ओढ लागली असं म्हातारी माणसं म्हणतात. त्या भावनेबद्दल मला आदरच आहे. पण अशा परतीच्या हकिगती एकापुढे एक ठेवून पाहिल्या, की सगळ्यांत एक गोष्ट सारखी दिसते. कुणीतरी मूर्ती ओळखली, आणि ती ओळख चारचौघांत, कोर्टात, सरकारदरबारी सिद्ध करता येईल असा पुरावा शिल्लक होता. कुठे तो जुना फोटो होता, कुठे पुस्तकातलं छायाचित्र होतं, तर कुठे मूर्तीच्या अंगाला चिकटलेली माती होती.

शिवलिंग वादी होतं

कावेरीच्या खोऱ्यातलं तंजावर मराठी वाचकाला परकं नाही. व्यंकोजीराजांपासून पुढे पावणेदोनशेहून अधिक वर्षं तिथे भोसल्यांचं घराणं नांदलं, आणि बृहदीश्वराच्या भव्य देवळाच्या भिंतीवर त्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. त्याच खोऱ्यातलं पाथूर हे लहानसं गाव. बाराव्या शतकात तिथे विश्वनाथाचं देऊळ उभं राहिलं आणि काळाच्या ओघात ते ढासळलं. पूजा थांबली, दगड विखुरले, वर झाडझाडोरा माजला.

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तरेकडून मलिक काफूरच्या स्वाऱ्या आल्या आणि पुढेही धामधूम चालू राहिली. त्या काळात तमिळ मुलखातल्या कितीतरी देवळांनी आपल्या धातूच्या उत्सवमूर्ती जमिनीत पुरून ठेवल्या. देव वाचवायचा ही धडपड आपल्या ओळखीची आहे. सोळाव्या शतकात गोव्यातल्या लोकांवर हीच वेळ आली, तेव्हा त्यांनी मंगेशाला कुठ्ठाळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गेला केळोशीहून कवळ्याला नेलं. गोव्यात देव नदीपार गेले आणि तिथे नांदले. तमिळ मुलखात ते मातीत गेले. ज्यांनी पुरले ती माणसं गेली, सांगणारं कुणी उरलं नाही, आणि अनेक देव तिथेच राहिले.

१९७६ मध्ये पाथूरच्या त्या पडक्या देवळाच्या जागेत खोदताना एका भूमिहीन मजुराच्या हत्याराला धातू लागला. खाली नटराज होता. कायद्याप्रमाणे असा ठेवा सरकारला कळवावा लागतो. तसं झालं नाही. मूर्ती गुपचूप विकली गेली आणि दलालांच्या हातांतून फिरत लंडनला पोचली. १९८२ मध्ये कॅनडातल्या बम्पर डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीने ती अडीच लाख पौंडांना घेतली. सोबत मूर्तीच्या पूर्वेतिहासाचे कागद होते, ते खोटे होते. कंपनीने मूर्ती जतनाच्या कामासाठी ब्रिटिश म्युझियममध्ये पाठवली आणि तिथून लंडनच्या पोलिसांनी ती ताब्यात घेतली.

कंपनीने मूर्ती परत मिळावी म्हणून पोलिसांवर दावा लावला. समोरून भारत सरकार आणि तामिळनाडू सरकार उभं राहिलं. त्यांच्याबरोबर आणखी दोन दावेदार होते. एक होतं पाथूरचं देऊळ. दुसरं होतं त्या देवळाचं शिवलिंग. आपल्या कायद्यात प्रतिष्ठापना झालेली देवता ही कायद्याने व्यक्ती असते. तिच्या नावावर जमीन असते, ती दावा लावते, तिच्यावर दावा लागतो. आपल्या तहसील कचेरीत सातबाऱ्यावर देवाचं नाव पाहून कुणाला नवल वाटत नाही. इंग्लंडच्या कायद्याला मात्र ही गोष्ट ठाऊक नव्हती. तिथल्या न्यायालयासमोर एक दगडी लिंग आपल्या मालकीचा नटराज मागत होतं.

प्रश्न दोन होते. लंडनमधला नटराज तो पाथूरचाच कशावरून? आणि जिथे कित्येक शतकं दिवा लागला नाही, त्या देवळाचा हक्क उरतो का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मूर्तीच्या अंगावर होतं. पाथूरच्या जागेत नटराजाखेरीज आणखीही धातूच्या मूर्ती मिळाल्या होत्या. त्या आणि लंडनची मूर्ती यांची तुलना झाली. तामिळनाडू पुरातत्त्व खात्याचे माजी संचालक आर. नागस्वामी यांनी शैलीच्या अंगाने साक्ष दिली. धातूची तपासणी झाली. मूर्तीला चिकटलेल्या मातीची पाथूरच्या मातीशी ताडून पाहणी झाली. मूर्ती जमिनीखाली असताना वाळवीने तिच्या अंगावरून मातीच्या वाटा बांधल्या होत्या. त्यांचे अवशेष तज्ज्ञांनी तपासले. दलालांनी खोटे कागद रंगवले होते, पण मूर्तीच्या खाचाखोचांत पाथूरची माती राहून गेली होती, आणि तिनेच मूर्तीचं गाव सांगितलं.

न्यायमूर्ती इयन केनेडी यांनी १९८८ मध्ये निकाल दिला. नटराज पाथूरचाच आहे, आणि देऊळ पडलं तरी ते बांधणाऱ्याचा धर्मसंकल्प संपलेला नाही, तो त्या शिवलिंगाच्या रूपाने अजून उभा आहे, असा त्या निकालाचा आशय होता. कंपनी अपिलात गेली. १९९१ मध्ये अपील न्यायालयानेही देवळाचा हक्क मान्य केला आणि त्याच वर्षी नटराज भारतात परतला. ज्या देवळात पुजारी नव्हता, छप्पर नव्हतं, त्याने सात समुद्रांपलीकडे जाऊन खटला जिंकला होता.

एका साच्याची एकच मूर्ती

धातूची मूर्ती ओळखता येते याचं मोठं कारण ती घडते कशी, यात आहे. कुंभकोणमजवळच्या स्वामीमलई गावात चोळकाळापासूनची ही विद्या आजही चालू आहे. तिथला स्थपती नारळाच्या झावळीची पट्टी मूर्तीच्या उंचीइतकी कापतो. तिला ठरलेल्या घड्या घालतो आणि त्या घड्यांच्या मापाने डोकं, छाती, कंबर, मांड्या यांची प्रमाणं बसवतो. मग मेण, राळ आणि तेल यांच्या मिश्रणाची मूर्ती घडवतो. बोटांची पेरं, जानव्याचा पीळ, कानातली कुंडलं, सगळं या मेणातच होतं. त्यावर कावेरीच्या काठच्या बारीक गाळमातीचा पहिला लेप बसतो. तो सुकला की जाड मातीचे थर चढतात आणि साचा तारांनी आवळला जातो. गोवऱ्यांच्या आगीत तो तापवला की आतलं मेण वितळून वाहून जातं आणि मूर्तीच्या आकाराची पोकळी उरते. त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. धातू थंड झाला की मूर्ती बाहेर काढायला साचा फोडावाच लागतो.

म्हणजे एका साच्यातून एकच मूर्ती निघते. दुसरी घडवायची तर पुन्हा मेणापासून सुरुवात. ओतकामात कुठे राहिलेला खड्डा, प्रभावळीतली थोडी वाकलेली ज्वाळा, पीठावरची चीर, मिरवणुकीचे दांडे घालायच्या भोकांची झीज, या सगळ्या खुणा त्या एका मूर्तीच्याच असतात. जुना फोटो आणि समोरची मूर्ती शेजारी ठेवली आणि अशा चार खुणा जुळल्या, की मग वाद संपतो.

कागद खोटे, फोटो खरा

तामिळनाडूच्या अरियलूर जिल्ह्यात श्रीपुरंतान नावाचं गाव आहे. तिथल्या जुन्या शिवमंदिरातली नित्यपूजा बंद पडली होती आणि देवळाला कुलूप होतं. २००६ मध्ये चोरांनी तिथल्या धातूच्या मूर्ती नेल्या. हे उघडकीला आलं २००८ मध्ये. मूर्ती सुरक्षित जागी हलवाव्यात म्हणून माणसं गेली तेव्हा आत काहीच नव्हतं. ज्या देवळात रोज कुणी दिवा लावायला जात नाही, तिथली चोरी कळायलाही दोन वर्षं लागतात, ही या हकिगतीतली सगळ्यात बोचणारी गोष्ट आहे.

त्याच २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॅनबरा इथल्या नॅशनल गॅलरीने न्यूयॉर्कच्या सुभाष कपूर या व्यापाऱ्याकडून पन्नास लाख अमेरिकी डॉलरांना एक नटराज विकत घेतला. मूर्ती फार पूर्वी, दिल्लीत राहिलेल्या एका सुदानी राजनैतिक अधिकाऱ्याच्या कुटुंबाकडून आली, असं कागद सांगत होते. हे ‘फार पूर्वी’ महत्त्वाचं होतं. सांस्कृतिक ठेव्यांच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा आणि आपला पुरावशेष कायदा १९७२ चा. त्याआधी मूर्ती देशाबाहेर गेल्याचं दाखवलं की हात झटकता येत होते.

हे कागद खोटे पाडले ते पुदुच्चेरीतल्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमधल्या फोटोंनी. या संस्थेने १९५० च्या दशकापासून दक्षिणेतली देवळं गावोगाव फिरून छायाचित्रांत नोंदवली. कुठली चोरी पकडायची म्हणून हे काम झालं नव्हतं. तो शिल्पकलेचा आणि देवळांचा अभ्यास होता. लाखाहून अधिक छायाचित्रांचा हा साठा आज चोरीला गेलेल्या मूर्ती शोधणाऱ्यांचा मोठा आधार आहे. त्यात श्रीपुरंतानचा नटराज होता, आणि तो फोटो १९९० च्या दशकातला होता. जी मूर्ती कागदोपत्री १९७० पूर्वीच देशाबाहेर गेली होती, ती नव्वदच्या दशकात आपल्या गाभाऱ्यात उभी होती.

कपूरला २०११ मध्ये फ्रँकफर्टला अटक झाली, पुढच्या वर्षी त्याला भारतात आणलं गेलं आणि २०२२ मध्ये कुंभकोणमच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. त्याआधीच, सप्टेंबर २०१४ मध्ये, ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान टोनी ॲबट यांनी दिल्लीत येऊन नटराज भारताला परत दिला होता. त्यांच्यासोबत वृद्धाचलमच्या देवळाच्या कोनाड्यातून नेलेली दगडी अर्धनारीश्वराची मूर्तीही आली.

या शोधामागे सरकारी यंत्रणा होती तशी पदरमोड करून काम करणारी माणसंही होती. सिंगापुरात जहाजवाहतुकीच्या धंद्यात नोकरी करणारे एस. विजय कुमार हे त्यांतलं सर्वांत ठळक नाव. लिलावांच्या सूचीतले, संग्रहालयांच्या पुस्तकांतले फोटो जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहायचे, खुणा जुळवायच्या, आणि मग पोलिसांकडे, वकिलातींकडे पाठपुरावा करायचा, हे काम ते आणि त्यांचे सहकारी ‘इंडिया प्राइड प्रोजेक्ट’ या नावाने करतात.

अनंतमंगलमचे राम, लक्ष्मण, सीता

तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडीजवळ अनंतमंगलम आहे. तिथल्या राजगोपाल मंदिरातून नोव्हेंबर १९७८ मध्ये राम, लक्ष्मण, सीता आणि हनुमान अशा चार मूर्ती चोरीला गेल्या. विजयनगर काळातल्या, पंधराव्या शतकातल्या या मूर्ती. चोर पुढे पकडले गेले, पण देव हाती लागले नाहीत.

या मूर्तींचे फोटो फ्रेंच इन्स्टिट्यूटने १९५८ मध्ये घेतलेले होते. चोरीच्या वीस वर्षं आधी. २०१९ मध्ये विजय कुमार यांनी लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाला कळवलं, की इंग्लंडमध्ये एका संग्राहकाकडे असलेली राममूर्ती आणि हा फोटो जुळतो आहे. तज्ज्ञांनी ताडून पाहिलं, तामिळनाडू पोलिसांनी जुना गुन्हा आणि मूर्ती यांचा संबंध दाखवून दिला. संग्राहकाने मूर्ती रीतसर विकत घेतल्या होत्या. पुरावा समोर आल्यावर त्याने राम, लक्ष्मण आणि सीता या तिन्ही मूर्ती आपण होऊन दिल्या. १५ सप्टेंबर २०२० रोजी त्या लंडनमध्ये भारताच्या स्वाधीन झाल्या आणि दिवाळीच्या सुमारास आपल्या गावी आल्या. हनुमान तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हता.

त्या १९५८ च्या फोटोचा मी पुन्हा पुन्हा विचार करतो. कुणी कॅमेरा घेऊन त्या लांबच्या गावी गेलं, पुजाऱ्याची परवानगी घेतली, मूर्ती उजेडात उभ्या केल्या, काळी-पांढरी चित्रं काढली, मागे गावाचं नाव आणि तारीख लिहिली आणि कपाटात ठेवून दिली. त्या दिवशी ते काम फार मोठं वाटलं नसेल. बासष्ट वर्षांनी त्याच कामाने राम घरी आणला.

बागेतली योगिनी

उत्तर प्रदेशात बुंदेलखंडातल्या लोखरी गावाजवळ टेकडीवर योगिनींचं देवस्थान होतं. दहाव्या शतकातल्या वालुकाश्माच्या मूर्ती, स्त्रीचं शरीर आणि पशूचं मुख असलेल्या. कुणी म्हशीच्या तोंडाची, कुणी शेळीच्या तोंडाची. अभ्यासक विद्या दहेजिया यांनी योगिनींच्या देवळांवरचा आपला ग्रंथ १९८६ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यात या मूर्तींची छायाचित्रं दिली. मूर्ती लोखरीहून गेल्या तरी ती पानं ग्रंथालयांत राहिली.

म्हशीच्या मुखाची वृषानना पॅरिसला एका संग्राहकाकडे गेली होती. चारशे किलो वजनाची ही मूर्ती टेकडीवरून उतरवून समुद्रापार नेली गेली, यावरून या चोरट्या व्यापाराची ताकद कळते. संग्राहकाच्या मागे त्याच्या पत्नीने ती भारतीय दूतावासाला दिली आणि २०१३ मध्ये ती दिल्लीत आली.

शेळीच्या मुखाची योगिनी इंग्लंडमध्ये एका घराच्या बागेत होती. त्या घराच्या वयस्क मालकिणीने घर घेतलं तेव्हाच मूर्ती बागेत उभी होती. अनेक वर्षांनी त्या घर आणि सामान विकायला निघाल्या, तेव्हा हा दगड काय आहे अशी चौकशी झाली. क्रिस मारिनेलो हे चोरीच्या कलावस्तू परत मिळवून देणारे वकील आणि विजय कुमार यांनी मिळून तिची ओळख पटवली. मालकिणीने कोणतीही अट न घालता ती दिली. १४ जानेवारी २०२२ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, योगिनी लंडनमध्ये भारतीय उच्चायुक्तांकडे सुपूर्द झाली.

आपल्याकडचं काय?

कोकणात दिवेआगरला १९९७ मध्ये नारळी-पोफळीच्या बागेत खोदताना तांब्याची पेटी सापडली. आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा आणि दागिने होते. पाथूरच्या नटराजासारखाच हाही कुणी जमिनीच्या हवाली केलेला देव. पण इथे तो सापडल्यावर दडवला गेला नाही. गावाने तो देवळात ठेवला आणि साऱ्या महाराष्ट्राने त्याचं दर्शन घेतलं. मार्च २०१२ मध्ये देवळावर दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला. आरोपी सापडले, पण तोवर मुखवटा वितळवला गेला होता. पोलिसांनी सोनं जप्त केलं, खटला चालला आणि त्या सोन्यातून पुन्हा घडवलेल्या मुखवट्याची २३ नोव्हेंबर २०२१ रोजी, अंगारकीला, प्रतिष्ठापना झाली. सोनं परत आलं. जुन्या सोनाराच्या हातचं काम परत आलं नाही, आणि ती दोन माणसंही परत आली नाहीत.

जालना जिल्ह्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. तिथल्या राममंदिरातल्या पूजेतल्या मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीला गेल्या. राज्यभर हलकल्लोळ झाला, विधिमंडळात आवाज उठला, तपासाला वेग आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोलिसांनी मूर्ती परत मिळवल्या. जांबच्या देवांचं नशीब असं, की त्यांना सगळा महाराष्ट्र ओळखत होता.

पण प्रत्येक गावचा देव जांबच्या रामाइतका प्रसिद्ध नसतो. पालखीतला मुखवटा, भैरोबाचा पितळी घोडा, जोगेश्वरीचा टाक, वेशीबाहेरचा यक्ष, पडक्या हेमाडपंती देवळातली महिषमर्दिनी, यांना गाव ओळखतं, पण गावाबाहेर त्यांची कुठेही नोंद नसते. यांतला एखादा उद्या गेला आणि वीस वर्षांनी लंडनच्या लिलावात दिसला, तर ‘हा आमचा’ म्हणायला आपल्या हातात काय असेल?

परत आले, पण कुठे?

परत आलेला प्रत्येक देव गाभाऱ्यात जात नाही, हेही सांगायला हवं. पाथूरचा नटराज लंडनला खटला जिंकून आला आणि तिरुवारूरच्या सरकारी मूर्ती-संरक्षण केंद्रात गेला. श्रीपुरंतानचा नटराज कुंभकोणमच्या अशाच केंद्रात ठेवला गेला. वृषानना दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, लोखरीच्या टेकडीवर नाही. कारण उघड आहे. गावचं देऊळ पडकं किंवा कुलूपबंद असतं, पहारा नसतो, आणि खटला संपेपर्यंत मूर्ती कायद्याच्या लेखी मुद्देमाल असते.

सुरक्षा हवीच. पण ज्या मूर्तीला रोज अभिषेक व्हायचा, जिच्यापुढे पोरं बारशापासून लग्नापर्यंत वाकायची, तिला मजबूत खोलीत ओळीने उभं करून ठेवणं म्हणजे परतीचा निम्माच रस्ता झाला. काशीची अन्नपूर्णा आणि अनंतमंगलमचे राम, लक्ष्मण, सीता पूजेत परतले आहेत, म्हणजे हे होऊ शकतं. गावाने रोजचा राबता आणि चांगली कुलपं यांची हमी द्यावी, सरकारने पहारा आणि कॅमेरे यांचा खर्च उचलावा, आणि देव आपल्या जागी जावा. श्रीपुरंतानने शिकवलं ते हेच, की माणसांची येजा हा देवाचा पहिला पहारा असतो.

या दिवाळीत एवढं करा

दिवाळीत गावी जाल तेव्हा आपल्या ग्रामदैवताची नीट नोंद करून ठेवा. यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही, फोन पुरतो. मात्र नेहमीचा दर्शनाचा फोटो कामाचा नाही. वस्त्रं, हार आणि चांदीचं कवच घातलेल्या देवाच्या खुणा झाकलेल्या असतात. सकाळच्या अभिषेकाच्या वेळी, गुरवांना किंवा पुजाऱ्यांना विचारून, त्यांच्याच हातून आणि त्यांच्या सोवळ्याचा मान राखून, फोटो घ्या. समोरून, पाठीमागून, दोन्ही बाजूंनी आणि जमल्यास खालून. एका फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा. तुटलेलं बोट, झिजलेलं नाक, दगडातली शीर, ओतकामातला खड्डा यांचे जवळून वेगळे फोटो घ्या, कारण कोर्टात बोलतात त्या याच खुणा. उंची, रुंदी, वजन, धातू की दगड, गावाचं नाव आणि तारीख लिहून ठेवा. देवाचे दागिने, पालखी, मुखवटे, टाक यांचंही असंच करा.

या नोंदीची एक प्रत देवस्थानच्या विश्वस्तांकडे ठेवा, एक गावाबाहेरच्या विश्वासू माणसाकडे. समाजमाध्यमांवर ती टाकू नका, चोरही तिथेच पाहतात. मूर्ती शंभर वर्षांहून जुनी असेल तर पुरावशेष कायद्याखाली तिची नोंदणी करून घ्या, त्या अर्जालाही फोटो लागतात. आणि दुर्दैवाने चोरी झालीच, तर त्याच दिवशी पोलिसांकडे फिर्याद द्या आणि हे फोटो तिला जोडा. इंटरपोलच्या चोरीच्या कलावस्तूंच्या यादीत मूर्ती जायची तर ती पोलिसांमार्फतच जाते, आणि फोटोशिवाय त्या यादीचा उपयोग नाही. आज ही यादी मोबाइलवरही पाहता येते, म्हणजे जगात कुठेही मूर्ती विकत घेणाऱ्याला ती आधी तपासून पाहता येते.

जगातल्या संग्रहालयांनी, श्रीमंत संग्राहकांनी आपले देव परत करावेत ही मागणी रास्तच आहे, आणि ती आपण लावून धरली पाहिजे. पण ‘हा आमचा’ हे सिद्ध करण्याची जबाबदारी शेवटी आपल्यावरच येते. पाथूरचं काम मातीने केलं, अनंतमंगलमचं एका जुन्या फोटोने. तुमच्या गावच्या देवाचं काम तुम्हालाच करायचं आहे. अर्ध्या दिवसाचं काम आहे. या सुट्टीतच उरकून टाका.